सामान्य ज्ञानाचा प्रश्नसंच : सात महिने वापरून झाल्यावर

जूनमध्ये वह्या-पुस्तकं घ्यायला इथं सोलापुरात नवी पेठेत गेलो होतो, तेव्हा हा प्रश्नसंच घेतला. वर मोठ्या अक्षरांत ‘तीन हजार प्रश्न, पाचवी ते आठवीसाठी, सुधारित आवृत्ती’. छापील किंमत २२०, दुकानदाराने १८० ला दिला. प्रकाशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नंतर नणंदेकडचा आणि शेजारचा असे आणखी दोन संच चाळले आणि दुखणी सगळीकडे तीच निघाली. आता सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेचा गड्डा भरलाय, म्हणजे सात महिने झाले. बोलायला हरकत नाही.

मुलगा पाचवीत, मुलगी आठवीत. पहिले दोन महिने आम्ही पुस्तक चक्क चुकीचं वापरलं. रात्री जेवणं झाली की रोज दहा प्रश्न. मी विचारायचं, त्यांनी सांगायचं, चुकलं की तीनदा घोकायचं. मुलगा घडाघडा बोलायला लागला. पाहुण्यांसमोर कौतुक झालं, मीही फुगले.

ऑगस्टमध्ये पंढरपूरला गेलो आणि हवा गेली. नदी दुथडी भरून चालली होती, वाळवंट पाण्याखाली. होडीवाला म्हणाला, “उजनीतनं सोडलंय पाणी.” चिरंजीव माझ्याकडे बघून म्हणाले, “असं कसं? उजनी भीमेवर आहे. ही चंद्रभागा आहे.” दोन्ही उत्तरं पुस्तकातली, दोन्ही बरोबर. ‘पंढरपूर कोणत्या नदीकाठी?’ एका पानावर, ‘उजनी धरण कोणत्या नदीवर?’ वीसेक पानं पुढे. दोन्हींना पैकीच्या पैकी मार्क, पण ही एकच नदी आहे हे पोराला माहीत नाही! इथं ती चंद्रकोरीसारखं वळण घेते म्हणून चंद्रभागा, हे होडीवाल्यानेच सांगितलं.

घरी येऊन नकाशा काढला. उजनीवरून बोट फिरवत पंढरपूर, मग टाकळी, मग कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेत. आपल्या नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते पाणी बरंचसं हेच, काही थेट जलवाहिनीने आलेलं, काही नदीत सोडून टाकळीला उचललेलं, हे कळल्यावर पाणी सुटायच्या दिवशी तो बादल्या भरायला आपणहून उठला. एकदाच उठला, पण उठला.

तेव्हापासून दहा प्रश्न बंद. रोज एकच, पण त्याचं शेपूट धरून जिथवर जाता येईल तिथवर.

आता चुकांचं. ‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे मुखपृष्ठ सुधारलेलं. एका पानावर महाराष्ट्राचे जिल्हे ३६, दुसऱ्यावर ३५. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, तेव्हा पोरगा जन्मलाही नव्हता. धाराशिव एका ठिकाणी नवं, तर तीन ठिकाणी उस्मानाबाद. अहिल्यानगरचा पत्ताच नाही. राज्यं २९ आणि केंद्रशासित प्रदेश ७, म्हणजे २०१९ च्या आधीचा मजकूर. आज २८ आणि ८ आहेत. एव्हरेस्ट ८८४८ मीटर. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ जाहीर केली, हे ठीक आहे, पाऊण मीटरसाठी मी भांडत नाही. पण सर्वात जास्त उपग्रह गुरूला, हे मात्र खटकलं. २०२५ च्या मार्चमध्ये शनीचे एकदम १२८ नवे उपग्रह मान्य झाले आणि त्याचा आकडा २७४ वर गेला. गुरूने तेव्हा शंभरीही गाठली नव्हती.

वैतागून पुस्तक रद्दीत टाकणार होते. मुलगीच म्हणाली, चूक सापडली की एक रुपया दे. तिथून या पुस्तकाचं नशीब उघडलं. शेजारची पोरंही जमायला लागली. “हे चूक आहे बे!” असा पुकारा झाला की पुरावा आणायचा, शिसपेन्सिलने दुरुस्ती करायची आणि शेजारी तारीख घालायची. आतापर्यंत माझे ४३ रुपये गेलेत. इतक्या स्वस्तात शिकवणी कुठं मिळते?

चीनच्या भिंतीचा रुपया मात्र मुलीने घाम गाळून मिळवला. ‘चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू कोणती?’ हा प्रश्न मी लहान असताना मलाही होता. तिने गणित मांडलं. भिंत साधारण सहा मीटर रुंद, चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. त्या मापाने बघायचं तर होम मैदानात पडलेला डोक्याचा एक केस पाच किलोमीटरवरून, म्हणजे माझ्या कारखान्याच्या गच्चीवरून, दिसायला पाहिजे. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते; तिथून होम मैदानच दिसत नाही.

चुका शोधायच्या नादाचा एक तोटाही झाला, तोही सांगते. शाळेच्या स्पर्धेत प्रश्न आला, भारताचा राष्ट्रीय खेळ कोणता? पुस्तकात हॉकी. आम्ही ते खोडून बसलो होतो, कारण असा कुठलाच खेळ अधिकृतपणे जाहीर केलेला नाही, हे क्रीडा मंत्रालयाने २०१२ मध्येच माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितलंय. पोराने तसंच लिहिलं. उत्तरपत्रिकेवर लाल फुली, शेजारी ‘हॉकी’. एका मार्काने नंबर हुकला. सरांना भेटले, तर म्हणाले, “उत्तरसूचीत आहे तसं द्यावं लागतं, ताई.” ताई तर म्हणाले, मार्क नाही दिला. घरी मोठीने धाकट्याला समजावलं, “तिथं हॉकी लिहायचं, इथं खरं सांगायचं.” मला ते आवडलं नाही, पण त्याला उत्तरही सुचलं नाही.

एकदा मात्र पुस्तक खरं आणि आम्ही खोटे ठरलो. ‘भारतीय नोटेवर किती भाषा असतात? १७.’ मुलाने वीसची नोट घेतली, मागच्या बाजूची बारीक पट्टी मोजली, १५ भरल्या. रुपया मागायला लागला. शेजारच्या अव्वा, म्हणजे आजी, उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्यांनी हात पुसून नोट घेतली, डोळ्यांपासून लांब धरली आणि खालून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून वाचलं, “इरवै रूपायलु.” त्या तेलुगू शाळेत चौथीपर्यंत शिकल्यात, हे मला बारा वर्षांच्या शेजारात पहिल्यांदा कळलं. त्यांच्या खाली सगळ्यात शेवटी उर्दू, वरून चौथी कन्नड, आणि मराठी आठवी, अगदी मधोमध. आमच्या गल्लीत रोज कानावर पडणाऱ्या चारही भाषा एका पट्टीत. आणि उरलेल्या दोन? अव्वांनीच नोट पालथी-सुलटी करून दाखवलं : हिंदी आणि इंग्रजी तर मोठ्या अक्षरांत बाहेरच आहेत, पट्टीत कशाला येतील? झाल्या १७. रुपया वाचला. त्याच नोटेवर वेरूळची लेणी आहेत, पन्नासवर हंपीचा रथ, शंभरवर गुजरातेतली राणीची वाव, दोनशेवर सांचीचा स्तूप. आता हे सगळं पुस्तकात नसलं तरी चालतं, महिनाअखेरपर्यंत पाकिटात नोटा उरल्या म्हणजे झालं.

सोलापूरवर अख्ख्या संचात दोन प्रश्न. ‘चादरींसाठी प्रसिद्ध शहर?’ आणि सिद्धेश्वराचा. टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, त्याचं नाव नाही. पोटावर पाय दिल्यासारखं वाटलं. माळढोक ‘राजस्थानचा राज्यपक्षी’ म्हणून येतो, पण त्याच्यासाठी १९७९ पासून आपल्या नान्नजला अभयारण्य आहे, हे नाही. चीनला जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणारे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आहेत, पण ते १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, हे गाळलंय. आणि चार हुतात्मे तर नाहीतच. माझ्या पोरांना त्यांच्या पुतळ्यांचा ‘चार पुतळा’ चौक म्हणजे रिक्षा थांबते ती जागा. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरात लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं. परवा बारा तारखेला तिथं हार घालायला गर्दी होती, तेव्हा मुलाने चारही नावं न अडखळता सांगितली, आणि मग विचारलं, “आपण रोज इथून जातो, तू आधी का नाही सांगितलंस?” म्हणून शेवटच्या कोऱ्या पानांवर आता आमचे स्वतःचे प्रश्न चालू झालेत.

बांधणीबद्दल थोडक्यात : दिवाळीपर्यंत पानं सुटली. कारखान्यातली जाड कापडाची पट्टी आणि खळ लावून सासऱ्यांनी कणा केला, तो मूळच्यापेक्षा भक्कम आहे. कागद पातळ, मागची शाई पुढे दिसते. विज्ञानाचा भाग त्यातल्या त्यात बरा, क्रीडेचा वाचूच नका.

घ्यायचाच असेल तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघा : जिल्हे किती, राज्यं किती, सर्वात जास्त उपग्रह कुणाला. तिन्ही बरोबर असतील तर घ्या. मागच्या रविवारी मी स्वतः नवी आवृत्ती बघायला गेले, तर सगळे संच प्लॅस्टिकमध्ये बंद. फोडून बघू का विचारलं, तर दुकानदार म्हणाला, “बाई, फोडलं की घ्यावं लागेल.” मागच्या बाजूला विषयांची यादी छापली होती, त्यात ‘महाराष्ट्र : ३५ जिल्हे’ असं स्वच्छ दिसत होतं. पोराने तिथल्या तिथं माझ्यापुढे हात केला. दिला रुपया.