एचपीएक्स की लीजन?

हजारो नोड्सच्या (म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांच्या) यंत्रावर सगळ्यांनी एका बॅरियरपाशी, म्हणजे सर्वांचं काम होईपर्यंत थांबायच्या ठिकाणी, थांबायचं म्हणजे सर्वांत संथ नोडच्या वेगाने चालायचं. एचपीएक्स आणि लीजन यांसारखे टास्क-आधारित रनटाइम, म्हणजे कामाचे छोटे तुकडे (टास्क) तयार होतील तसे चालवणाऱ्या प्रणाली, हे थांबणं टाळतात. प्रश्न एवढाच, की कोणतं काम कोणावर अवलंबून आहे हे सांगायचं कोणी?

एचपीएक्समध्ये ते तुम्ही सांगता. लुइझियाना स्टेट विद्यापीठात वाढलेली ही सी प्लस प्लसची लायब्ररी. ‘एसिंक’ने काम सोडायचं, हाती ‘फ्यूचर’, म्हणजे नंतर येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू, येतं, त्याला ‘देन’ने पुढचं काम जोडायचं. मांडणी प्रमाण सी प्लस प्लससारखीच, त्यामुळे जुना कोड टप्प्याटप्प्याने बदलता येतो. ताऱ्यांच्या विलीनीकरणाचं सिम्युलेशन करणारा ऑक्टो-टायगर यावरच चालतो. मात्र एखादं अवलंबित्व जोडायचं राहिलं, तर डेटा रेस, म्हणजे दोन कामांनी एकाच डेटाला क्रम न ठरता हात लावणं, तुमच्या माथी.

स्टॅनफर्डमधून आलेल्या, 2012 च्या शोधनिबंधातून मांडल्या गेलेल्या लीजनची दिशा उलटी आहे. प्रत्येक टास्क डेटाच्या कोणत्या ‘रीजन’ला (भागाला) हात लावणार, फक्त वाचणार की लिहिणारही, हे जाहीर करतं. दोघं नुसतं वाचत असतील तर रनटाइम त्यांना एकदमच सोडतो. एक लिहिणार असेल तर क्रम लावतो, डेटा हलवतो. कोणतं काम कोणत्या जीपीयूवर (ग्राफिक्स प्रोसेसरवर) हे ‘मॅपर’ नावाचा, तुम्हाला स्वतः लिहिता येणारा कोड ठरवतो, आणि मॅपर बदलला तरी उत्तर बदलत नाही. मला हे फारच मोलाचं वाटतं. पण चांगला मॅपर लिहिणं सोपं नाही, शिकायला वेळ लागतो.

दोन्ही मुक्तस्रोत आहेत. हाताशी मोठा सी प्लस प्लस कोड असेल तर एचपीएक्स घ्या. नव्याने, जीपीयूंनी भरलेल्या यंत्रासाठी लिहिणार असाल तर मी लीजनच सुचवेन.