गल्फला माणसं पाठवणारी एजन्सी : ५ पैकी २ स्टार, तेही पावती दिली म्हणून

एजन्सी मुंबईतली, लायसन्सवाली. नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे. पुतण्याला सौदीला एसी हेल्पर म्हणून यांनीच पाठवलं आणि आता सगळी फाईल माझ्याकडे आहे.

आधी चांगलं सांगतो. लायसन्स खरं आहे, ई-मायग्रेटवर (परदेशी नोकरीसाठीचं भारत सरकारचं पोर्टल) नंबर टाकला की अ‍ॅक्टिव्ह दाखवतं. व्हिसा, तिकीट टायमावर, प्रवासी भारतीय बीमा पण काढलेला (१० लाखांचा असतो, दोन वर्षांचे २७५ रुपये फक्त), एअरपोर्टवर कंपनीचा माणूस न्यायला हजर. बऱ्याच पोरांचं इथेच फाटतं, म्हणून याचे मार्क दिलेच पाहिजेत.

आता पैसे. नियमाने एजंटला ३०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० च्या वर फी घेता येत नाही. यांनी बँकेतून बरोब्बर तेवढेच घेतले, पक्की पावती. बाकीचे ७० हजार आमच्या खेडच्या सबएजंटने कॅश नेले, आणि एजन्सी म्हणते हा माणूस आमचा नाहीच. कायद्यात सबएजंटला जागाच नाही, त्यामुळे असं म्हणणं त्यांना सोयीचंच पडतं.

घरचे म्हणतात पासबुक आहे ना, त्या दिवशी पैसे काढल्याची एन्ट्री आहे. अरे पण त्यातून पैसे काढले एवढंच कळतं, दिले कोणाला ते कुठेय? सबएजंटचा व्हॉइस मेसेज आहे, "मिळाले काका, वर पोचवतो", त्यात ना आकडा ना नाव. माझ्या मते सगळ्यात भारी कागद वेगळाच आहे, ज्याच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. इंटरव्ह्यूचं लेटर एजन्सीच्या मेलवरून सबएजंटला आलं होतं आणि त्याने ते आम्हाला जसंच्या तसं फॉरवर्ड केलं, खाली ऑफिसच्या मॅडमची ओळ तशीच राहिली : "तुमच्या ४ कँडिडेटचे ओरिजिनल पासपोर्ट घेऊन या." ओळखत नाही म्हणता, मग त्याचे कँडिडेट कसे काय? आणि हो, नुसत्या प्रिंटवर भागत नाही, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम (पुराव्याचा नवा कायदा) आलाय, कोर्टात गेलं तर फोन-मेलमधल्या पुराव्याला कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, म्हणून भावाला बजावलंय की फोन विकू नको, फॉरमॅट मारू नको.

पगाराचं जरा किचकट आहे. इंटरव्ह्यूत तोंडी १८०० रियाल सांगितले होते, ते मी सोडून दिले, कागदावर कुठेच नाहीत, उगाच तेच धरून बसलो तर बाकीचं पण खोटं वाटेल. पोरगा दहावी नापास म्हणून पासपोर्ट ईसीआर, म्हणजे गल्फला कामाला जायला सरकारचा क्लिअरन्स लागतो, त्यामुळे क्लिअरन्ससाठी करार ई-मायग्रेटवर चढवावा लागला, त्यात १२०० बेसिक आणि ३०० जेवणाचे. तिकडे पोचल्यावर किवावर, म्हणजे सौदीच्या सरकारी पोर्टलवर, १००० चा करार आला आणि याने अ‍ॅक्सेप्ट दाबलं! एजन्सी तेच पकडून बसलीय आणि खरं सांगायचं तर त्यांचा हा मुद्दा अगदीच फालतू नाही. पण क्लिअरन्स मिळाला तो १५०० च्या कागदावर, त्यावर यांचा शिक्का आहे, आणि दर महिन्याला बँकेत १००० जमा झाल्याचा मेसेज येतो तो आम्हीही बनवला नाही, त्यांनीही नाही. वजन त्यालाच.

तक्रार ई-मायग्रेटवर आणि परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर टाकलीय, कागदांचा एक सेट बीकेसीत विदेश भवनला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सकडे (क्लिअरन्स देणारा सरकारी अधिकारी) दिलाय. तोवर एजन्सीची सर्व्हिस शून्य होती, फोन उचलायचा नाही, उचलला तर "सर मीटिंगमध्ये आहेत". नोटीस गेल्यावर सर एकदम मोकळे झाले. आता म्हणतात २५ हजार परत देतो, फक्त "संपूर्ण हिशोब पूर्ण, कोणतीही तक्रार नाही" या पत्रावर सही करा. पावतीबाहेर काही घेतलंच नव्हतं तर परत कसले देताय, विचारलं तर म्हणे माणुसकी म्हणून.

वहिनी म्हणते करा सही, पोरगं अजून तिकडेच आहे. भाऊ तयार नाही. पत्र तूर्तास फाईलला लावून ठेवलंय.