प्रोटीनचे पिंजरे: आधी स्टेन की थेट क्रायो?

प्रोटीनच्या साखळ्यांचा पोकळ पिंजरा नीट जुळलाय का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात बघायला निगेटिव्ह स्टेन (जड धातूच्या क्षाराचा रंग लावून वाळवणं) करावं की थेट क्रायोला (झटकन गोठवून बर्फात बघणं) जावं? मी दोन्ही केलंय, आधी फेरिटिनवर (लोह साठवणारा पिंजरा), मग एन्कॅप्सुलिनवर (जिवाणूंमधला पिंजरा).

क्रायोचं कौतुक उगाच नाही. फेरिटिनच्या २४ साखळ्या इतक्या सममितीत बसतात की एकेका कणातून त्याच साखळीची २४ दर्शनं फुकट मिळतात. २०२० मध्ये अपोफेरिटिनमधले (लोह नसलेलं फेरिटिन) अणू सुटे दिसले, १.२५ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) आत-बाहेरच्या बारकाव्यानं. स्टेनची गाडी २० अँगस्ट्रॉमच्या आसपासच अडते, शिवाय वाळताना मोठे पिंजरे चपटे होतात. कागदावर सामना इथंच संपतो.

पण ग्रिडवरची, म्हणजे नमुना धरणाऱ्या जाळीवरच्या कार्बनच्या पापुद्र्यातली, ती भोकं! कण भोकांतल्या बर्फात हवेत आणि माझ्या एन्कॅप्सुलिनला कार्बनच प्यारा. ब्लॉटिंगचे (जादा द्रव टिपून घेण्याचे) सेकंद बदलले, ग्लो डिस्चार्ज (ग्रिडवर पाणी पसरावं म्हणून द्यायची विद्युत-प्रक्रिया) कमी-जास्त केला, सॅम्पल दाट करत नेलं. स्टेनला मिलिलिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम पुरतं. इथं ५ मिलिग्रॅमवर गेलो, म्हणजे दोन आठवड्यांची मेहनत तीन ग्रिडवर. महिनाभर वाट बघून मिळालेल्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लॉटमध्ये काय दिसलं? लख्ख रिकामी भोकं, आणि कार्बनवर पिंजरे बाजरीच्या भाकरीवरच्या तिळासारखे दाट.

वैतागून उरलेल्या थेंबाचं स्टेन केलं. चहा होईस्तोवर ग्रिड तयार. निम्मे पिंजरे मिटलेलेच नव्हते, नुसत्या वाट्या! कार्बनवरच्या त्या दाटीत हे कळणं शक्यच नव्हतं. युरॅनिल ॲसिटेट या स्टेनच्या रंगाचा पीएच चारच्या आसपास, त्यानंच फोडले असतील अशी शंका आली. म्हणून अमोनियम मॉलिब्डेट या दुसऱ्या रंगानं, उदासीन पीएचला, पुन्हा पाहिलं. वाट्याच. दोष प्रोटीनच्या तयारीत होता आणि मी महिनाभर बर्फाला शिव्या घालत होतो.

तुमचा पिंजरा कदाचित शहाणा असेल, पहिल्याच ग्रिडवर भोकांत बसेलही. आत भरलेला माल बघायचा असेल तर मात्र स्टेनवर विसंबू नका. रंग पोकळीत कधी शिरतो, कधी नाही, त्यामुळे काळं केंद्र दिसलं की पिंजरा रिकामा, असं धरता येत नाही. आणि बफरमध्ये फॉस्फेट असेल तर युरॅनिल टाकण्याआधी ग्रिड धुवा, नाहीतर साक्याचेच फोटो काढत बसाल.

मी हल्ली स्टेनचा फोटो हातात आल्याशिवाय क्रायोचा स्लॉट मागतच नाही.