वेल्डर आणि गवंडी: सुती कपडे की टेरिकॉट?

बांधकामावरचे कपडे सुती घ्यावेत की टेरिकॉटचे (सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाचे), हे भावावरून नव्हे, तर कामावरून ठरवावे. वेल्डिंग किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्याने जाड सुती कापडच वापरावे. ठिणगी पडल्यास सुती कापड जळून त्याला भोक पडते, परंतु टेरिकॉटमधील पॉलिएस्टर सुमारे 250 अंश सेल्सिअसला वितळून कातडीला चिकटते आणि जखम अधिक खोल होते. पँटचे पायही दुमडलेले नसावेत, कारण ठिणग्या नेमक्या त्या दुमडीत धुमसत राहतात. गवंड्याला हे भय नसल्याने त्याच्यासाठी लवकर वाळणारे, टिकाऊ टेरिकॉट सोयीचे, जरी उन्हाळ्यात ते नकोसे होते. मात्र ओले सिमेंट कातडी भाजते, म्हणून त्यात भिजलेला कपडा, मग तो कोणताही असो, ताबडतोब बदलावा. स्लॅब ओतण्याच्या दिवशी गमबूट हवेतच.