घरच्या कॉर्सेटसाठी बोनिंग: काही महिने घालून झाल्यावरचं मत

काही महिने झाले घरी शिवलेले कॉर्सेट (नाडीने कंबर आवळणारं वस्त्र) नियमित घालतेय, प्रत्येकात बोनिंग, म्हणजे शिवणीत घालायच्या कडक पट्ट्या, वेगळं आहे, आणि माझं मत आता पक्कं झालंय की अख्ख्या कॉर्सेटला एकच बोनिंग घेऊ नका, शिवण किती वळतेय ते बघून ठरवा.

फ्लॅट स्टील म्हणजे स्प्रिंग स्टीलची सपाट पट्टी. ती पुढे-मागे वाकते, बाजूला अजिबात नाही. मागे आयलेटच्या, म्हणजे नाडी ओवायच्या भोकांच्या, दोन्ही अंगांना हीच हवी, कारण नाडी ओढली की सगळा ताण तिथेच येतो आणि पट्टी नसेल तर कापडाला चुण्या पडून आयलेट ओढले जातात. पण कमरेवरून खाली वळणाऱ्या शिवणीत ती घातली तर ती वळण मानतच नाही, तासाभरात टोक टोचायला लागतं. तिथे स्पायरल स्टील घ्या, चपटी केलेली तारेची स्प्रिंगच असते ती, चारी बाजूंना वाकते. माझ्या स्पायरलवाल्या कॉर्सेटमध्ये बसताना-वाकताना सगळ्यात कमी त्रास होतो. फक्त कापायला चांगला कटर लागतो आणि कापलेल्या टोकांवर टोप्या पक्कडीने नीट दाबून बसवाव्याच लागतात, उघडं टोक गंजतं आणि कापडाला भोकही पाडतं.

आता सिंथेटिक व्हेलबोन, माझं सगळ्यात लाडकं. पूर्वी देवमाशाच्या तोंडातलं बलीन वापरायचे, आपल्या नखांसारखंच केराटिनचं, त्याच्यासारखं वागणारं हे प्लास्टिक. कातरीने कापता येतं, टोकं कानशीने गोल करायची की झालं, गंजाची भीती नाही, धुवायला सोपं. अंगाच्या उबेने हळूहळू आपल्या शरीराचा आकार घेतं, आणि हे मला महिन्याभरानंतरच खरं जाणवलं, कॉर्सेट अंगाला असा बसतो की आत काही आहे हे विसरायला होतं! मात्र कंबर खूप आवळायची असेल तर ताणाच्या जागी स्टीलच घ्या.

रिजिलीन, म्हणजे पॉलिएस्टरच्या धाग्यांची विणलेली पट्टी, मी कॉर्सेटसाठी सुचवणार नाही. त्यावरून मशीन चालवता येते म्हणून मोह होतो, पण आवळलं की कमरेशी दुमडतं आणि ती घडी जात नाही, शिवाय कापलेल्या कडेचे धागे बाहेर येऊन टोचतात. पार्टी ड्रेसच्या चोळीला ठीक आहे. जाड, रुंद केबल टाय मात्र मापाचा नमुना शिवताना खरंच कामाचे, डोकं कापायचं आणि टोक घासून गोल करायचं.

आणि बोन (बोनिंगची पट्टी) कुठलंही असो, ते सरकवायच्या नेफ्यापेक्षा एखादा सेंटीमीटर आखूड कापा, वर-खाली मिळून. घट्ट बसवलेलं बोन हालचालीत टोकाच्या शिवणीवर सतत दाबत राहतं, आणि आधी उसवते ती तीच शिवण, तेव्हा तिथे दुहेरी टीप माराच.