फोटोसाठी सूर्य-चंद्राची ॲप्स: साताऱ्यात दहा महिने वापरल्यावर

लग्नाचे फोटो हा माझा धंदा, आणि रविवार रिकामा मिळाला की कास, ठोसेघर, सज्जनगड. गेल्या सप्टेंबरपर्यंत उजेडाचं सगळं गणित नजरेवर चालायचं. मग सूर्य-चंद्राची जागा आणि वेळ सांगणारं फोटोपिल्स ॲप विकत घेतलं (पैसे एकदाच भरायचे, वर्षाची कटकट नाही), ताऱ्यांसाठी स्टेलॅरियम टाकलं आणि ढगांसाठी एका ॲपची वर्गणी भरली. दुकानात शेजारचा म्हणाला, "सूर्य कुठं उगवतो हे बघायला पैसे भरलेस?" भरले. आता सांगतो काय मिळालं.

पहिला दणका साताऱ्याजवळच्या माहुलीत बसला. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, संगमावर प्री-वेडिंग. ॲपवर सूर्यास्त ६ वाजून ६ मिनिटं. मी मंडळींना शहाण्यासारखं सांगून ठेवलं की खरा उजेड पावणेसहानंतर, तोवर साधे फोटो काढू. मुलीची साडी, मेकअप, केसांतला गजरा सगळं तयार. तिचा भाऊ रिफ्लेक्टर धरून उभा. पाच पन्नासला मी लेन्स बदलायला खाली वाकलो आणि वर बघतो तर घाटावरचा पिवळा उजेड गेलेला. सूर्य अजिंक्यताऱ्याच्या आड. आकाश लख्ख, पण मुलीचा चेहरा निळसर राखाडी. भाऊ म्हणाला, "दादा, तुम्ही सहा म्हणाला होता ना?" मी म्हणालो, तिकडं ढग आलेत. ढगाचा एक तुकडा नव्हता.

चूक ॲपची नव्हती. बहुतेक ॲप्सवरचा सूर्यास्त सपाट क्षितिजाचा असतो, समुद्रावर उभं राहिल्यासारखा. साताऱ्यात सपाट क्षितिज आणायचं कुठून? घरी येऊन मग मन लावून शिकलो. नकाशावर लाल पिन आपण उभे तिथं, काळी पिन किल्ल्यावर ठेवली की दोन्हींतलं अंतर आणि डोंगरमाथा किती अंश वर दिसतो ते फोटोपिल्स सांगतं. माहुलीतून ते साडेतीन अंशांच्या आसपास निघालं. आपल्याकडं त्या दिवसांत मावळता सूर्य तासाला तेरा अंश खाली उतरतो. म्हणजे पंधरा-सोळा मिनिटं आधीच खेळ खलास. आता ठिकाण ठरलं की आधी काळी पिन, मग पार्टीला वेळ.

दुसरी गोष्ट मला वीस वर्षं कॅमेरा धरूनही नीट उमगली नव्हती. साताऱ्यात २१ जूनच्या आसपास सूर्य २९५ अंशांवर (उत्तरेपासून उजवीकडं मोजत) मावळतो आणि २२ डिसेंबरच्या आसपास २४५ वर. पन्नास अंशांचा फरक! मे महिन्यात पोरांना दाखवून ठेवलेली जागा दिवाळीनंतर का फसायची, ते आता कळलं. त्याच माहुलीत उन्हाळ्यात सूर्य किल्ल्याच्या बराच उजवीकडं जातो.

सगळ्यात जास्त पैसा मात्र या ॲपनं मे महिन्यात वसूल केला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली. आणि येतो तो बाराला नाही, साडेबाराला, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७४ वर. आता लग्नाचा मुहूर्त किती वाजता असतो ते तुम्हीच सांगा. उघड्या लॉनवर साडेबाराला अक्षता म्हणजे डोळ्यांच्या खोबणीत काळं, नाकाची सावली थेट ओठावर, मुंडावळ्यांची कपाळावर. यंदा एका लग्नाच्या आदल्या दिवशी वधूपित्यांना मोबाईलवर दुपारच्या सूर्याची उंची ८९ अंश दाखवली आणि स्टेजवर पांढरं कापड ताणून घेतलं. मंडपवाल्यानं कुरकुर केली, पण फोटो बघून त्यानंच नंबर मागितला.

ढगांच्या ॲपबद्दल एवढं कौतुक नाही. सप्टेंबरात कासला जाताना त्यानं खालचे ढग वीस टक्के दाखवले. पहाटे यवतेश्वराचा घाट चढलो आणि पुढं गाडीचा दिवा दहा फुटांवर विझल्यासारखा. कारण सरळ आहे. हवामान मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येकीची सरासरी धरतं, आणि जगभरासाठी चालणाऱ्या चांगल्या मॉडेलची एक चौकटसुद्धा साधारण ९ किलोमीटरची. साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे तीन चौकटींत घाट, पठार, पलीकडची बामणोलीची दरी, सगळं आलं. कोकणातून चढणारा ओला वारा कुठल्या कड्यावर धुकं पांघरेल हे त्या सरासरीत दिसणार कसं? नोव्हेंबर ते मार्च ते बरं चालतं, पण तेव्हा आभाळ तसंही मोकळंच असतं. फुलांना मात्र ते धुकं मानवलं. रंग ओले, सावल्या नाहीत. ती सकाळ वाया गेली नाही, यात ॲपचा हात नाही.

रात्रीचं सांगायचं तर आकाशगंगेसाठी अमावस्या हवी आणि आमच्या आईला नेमकी ती नको. "अमावस्येचं कुठं निघालास, शनिवारी जा की." शनिवारी चंद्र असतो, आई. एप्रिलमध्ये चाळकेवाडीच्या पठारावर रात्री दोनला गेलो. धनु राशीकडचा दाट पट्टा स्टेलॅरियमनं सांगितला तिथंच उभा होता. पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात हे मात्र कुठल्या ॲपात नव्हतं. प्रत्येक फोटोत लाल ठिपके.

कंपासचं एक जपा. मोबाईलच्या मागं मी लोहचुंबकाची रिंग चिकटवली होती, बाईकच्या होल्डरसाठी. दोन आठवडे सूर्य भलत्याच जागी दाखवत होता आणि मी ॲपला शिव्या घालत होतो. कॅमेऱ्यातून सूर्याचा मार्ग दाखवणारी सोय बॅटरीही खाते, तेव्हा पॉवर बँक घ्या. बामणोलीकडं रेंज नसते, नकाशा घरीच उघडून ठेवा.

ढगांची वर्गणी पुढच्या महिन्यात संपते, भरणार नाही. फोटोपिल्स राहील, आता तर घरातही लागतं. छापील वेळ मुंबईची असते म्हणून संकष्टीला आई चंद्रोदय मला विचारते. मी जरंडेश्वराच्या डोंगराची मिनिटं मिळवून सांगतो. ती "बरं" म्हणते, आणि ताट वाढायच्या आधी गच्चीवर जाऊन बघून येतेच.