सोमवारचं जॉली बॉय

अंदमानला मराठी माणूस जातो तो आधी सेल्युलर जेलसाठी. सावरकरांची कोठडी बघून झाली की उरलेल्या दिवसांत बेटं. पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताच्या श्री विजयपुरममध्ये, जॉली बॉय बेटाच्या नावावर एक खेळ चालतो. त्यात आमचे माणशी 2,500 रुपये अडकले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहितेय.

जॉली बॉय हे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं छोटंसं बेट. वंडूरच्या जेट्टीवरून बोटीने जायचं. तिथे वस्ती नाही, दुकानं नाहीत, प्लास्टिकची बाटलीसुद्धा नेता येत नाही. काचेच्या तळाच्या बोटीत बसून खालचं प्रवाळ बघता येतं. सासूबाईंना पोहता येत नाही, त्यात गुडघे दुखतात. पाण्यात न उतरता त्यांना प्रवाळ दिसावं, एवढ्यासाठीच हे बेट निवडलं होतं.

बाजारातल्या एका एजंटने सोमवारचं बुकिंग केलं. पैसे रोख घेतले, पावती दिली. रविवारी रात्री आम्ही जेवून आडवे होतोय तोच त्याचा फोन. "मॅडम, कल फॉरेस्टवालोंने जॉली बॉय अचानक बंद कर दिया. टेन्शन मत लो, उससे भी बढिया दे रहा हूँ." हे 'बढिया' म्हणजे नॉर्थ बेचा किनारा आणि रॉस बेट, म्हणजे आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस बेट. दुसऱ्या दिवसाचं काहीच ठरलेलं नव्हतं, मुलं उत्साहात होती, त्यामुळे गेलो.

सकाळी हॉटेलच्या काउंटरवरचा मुलगा हसतच म्हणाला, जॉली बॉय दर सोमवारी बंदच असतं. म्हणजे अचानक वगैरे काही नव्हतं. बुकिंग लिहून घेतानाच एजंटला ते पक्कं ठाऊक होतं. त्याचा हिशेब सरळ आहे. जॉली बॉयला माणसं मोजून सोडतात, परवाना काढायची खटपट असते आणि बेटावर विकायला काहीच नसतं. नॉर्थ बेच्या बोटी शहरातूनच सुटतात, आणि तिकडे उतरल्यावर प्रत्येक गोष्टीवर कुणाचं तरी कमिशन.

नॉर्थ बेचं कौतुक करताना त्याने विसाची जुनी लाल नोट दाखवली होती. तिच्यामागचं चित्र तिथलंच, हे खरं आहे. पण ते टेकडीवरून, माउंट हॅरिएटच्या (आताच्या माउंट मणिपूरच्या) बाजूने दिसणारं दृश्य आहे. किनाऱ्यावर उतरल्यावर समोर दिसतात टपऱ्या, जेट स्की आणि दरपत्रकं. ट्रिपमधलं 'फ्री स्नॉर्कलिंग' (नळीतून श्वास घेत पाण्याखाली बघणं) कसं, तर एक पोरगा रबरी ट्यूबला धरून तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात ओढतो, दोन मासे दाखवतो आणि उभा राहून म्हणतो, "असली कोरल आगे है, पाँच सौ अलग." नवऱ्याने नकार दिल्यावर ट्यूब लगेच किनाऱ्याकडे वळली. सासूबाईंच्या काचेच्या बोटीचेही पैसे वेगळे द्यावे लागले. खाली दिसली गढूळ वाळू. "आपल्या विहिरीत याहून जास्त दिसतं," एवढंच त्या बोलल्या.

रॉस बेट मात्र सुंदर आहे. ब्रिटिशांच्या पडक्या भिंतींना वडापिंपळाच्या मुळांनी अक्षरशः कवळलंय, हरणं बिनधास्त फिरतात. पण बोटवाल्याच्या शिट्टीने सगळं घाईत उरकावं लागलं.

संध्याकाळी एजंटकडे गेलो. त्याने पावतीवर बोट ठेवलं. तिथे तिन्ही ठिकाणांची नावं छापलेली, खूण एकावरही नाही, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'बेट बदलण्याचा अधिकार राखीव'. त्यावर नवऱ्याने एकच विचारलं, "हमारे नाम का परमिट दिखाओ." परमिट असणार कुठून? जॉली बॉयचा परवाना वनखात्याकडून, ओळखपत्र दाखवून निघतो. आमचं आधार कार्ड तर त्याने मागितलंच नव्हतं! पर्यटन खात्याच्या कार्यालयात जातो म्हटल्यावर माणशी हजार परत आले. बाकीचे 'बोटवाल्याला दिले'.

तेव्हा एजंटने ओळखपत्र मागितलं नाही, तर तो जॉली बॉयला नेणार नाही हे समजा आणि पैसे देऊ नका. वार आधी बघा. महिनाही बघा, कारण जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आळीपाळीने उघडी असतात, एकाच्या प्रवाळाला विसावा मिळावा म्हणून. ऐन पावसाळ्यात कुणी जॉली बॉय विकत असेल तर तिथूनच मागे फिरा. पावतीवर बेटाचं नाव पेनाने लिहून घ्या, आणि 'दुसरं बेट दिल्यास पूर्ण पैसे परत' हेही. काचेची बोट किती वेळ, कुठवर, हे पैसे देण्याआधी विचारा. मोघम उत्तर आलं तर ती फेरी वाळूवरूनच होणार.

पुढे आम्ही परवाने स्वतः काढले आणि वंडूरला गेलो. पाण्याच्या बाटल्या तिथल्याच घेतल्या, त्यांची अनामत रक्कम भरावी लागते. परतताना बाटल्या मोजून दिल्या की ती मिळते, तेव्हा तीही पावती जपून ठेवा.